'चालू स्थितीत' : जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची ओढ

जुन्या कॅमेऱ्यांच्या खरेदी-विक्रीत 'चालू स्थितीत' या दोन शब्दांना फार किंमत आहे. पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईचा चोरबाजार असो की फोर्टातला बोरा बाजार, विक्रेता कॅमेरा हातात देण्याआधी हे दोन शब्द उच्चारतो आणि पुरावा म्हणून खटका दाबून दाखवतो. 'खट्' असा आवाज येतो. गिऱ्हाइकाचा चेहरा उजळतो. त्या आवाजाने फक्त एवढेच सिद्ध होते की शटर हलते. ते सेकंदाच्या पाचशेव्या भागात हलते की पन्नासाव्या, पडद्याला भोक पडले आहे का, भिंगात बुरशी आहे का, मागच्या झाकणातल्या फोमचे डांबर झाले आहे का, यातले काहीच त्यातून कळत नाही. या कॅमेऱ्यांच्या ओढीविषयी अलीकडे जे लिहिले-बोलले जाते तेही मला बरेचसे या 'खट्'सारखे वाटते. आवाज गोड आहे, पण आत काय चालू आहे आणि काय बंद पडले आहे, हे त्यातून समजत नाही.

छायाचित्रणाचे किंवा सौंदर्यशास्त्राचे माझे शिक्षण कोणत्याही संस्थेत झालेले नाही. जे काही आले ते दुरुस्ती करणाऱ्यांच्या टेबलाशेजारी बसून, ग्रंथालयांतून आणलेली पुस्तके वाचून आणि बिघडलेले कॅमेरे उघडून. त्यामुळे पुढचे विवेचन विद्यापीठीय शिस्तीचे नाही. मात्र या ओढीची जी स्पष्टीकरणे दिली जातात ती मी एकेक करून तपासली आहेत.

पहिले आणि सर्वांत लाडके स्पष्टीकरण म्हणजे स्मरणरंजन. आपल्याकडे त्याचा नायक ठरलेला आहे, तो म्हणजे आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला तयार होणारा हा साधा डबा कॅमेरा मराठी मध्यमवर्गीय घरात सहलीला, मुंजीला आणि बारशाला हजर असे. १२० चा रोल, त्यावर चौकोनी बारा फोटो, स्थिर भिंग, आणि 'ऊन मागे ठेवा' एवढे एकच शास्त्र. रोल धुवायला टाकायचा, कॉप्या यायच्या, त्या काळ्या कागदाच्या अल्बममध्ये कोपऱ्यांत खोचायच्या आणि वर बटरपेपर सोडायचा. दिवाळी अंकांतून या कॅमेऱ्यावर लेख येतात, त्यांत ही सगळी सामग्री असते आणि शेवटी 'ते दिवस गेले' असते. मला त्यात खोटे काही दिसत नाही. पण हे स्पष्टीकरण ज्यांना ते दिवस आठवतात त्यांच्यापुरतेच आहे. आज फिल्मचे रोल विकत घेणारे पुष्कळजण विशी-पंचविशीतले आहेत. त्यांचे बारसे डिजिटल कॅमेऱ्यावर झाले. जे आठवतच नाही त्याची आठवण कशी येणार?

शिवाय या ओढीला आता पंचवीस-तीस वर्षे होऊन गेली. १९९१ मध्ये प्रागला गेलेल्या व्हिएन्नाच्या काही विद्यार्थ्यांना लेनिनग्राडच्या लोमो कारखान्याचा एलसी-ए हा छोटा कॅमेरा सापडला आणि पुढच्याच वर्षी 'लोमोग्राफी' नावाची चळवळ उभी राहिली. त्या वेळी फिल्म जुनी झालेलीच नव्हती, सगळे जग फिल्मवरच फोटो काढत होते. म्हणजे भिंगाच्या दोषांवर आणि कडेच्या काळोख्या झाकोळावर जीव जडणे हे डिजिटलच्या आधीचे आहे. २०२४ मध्ये पेंटॅक्सने '१७' नावाचा नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. तो अर्ध्या चौकटीचा आहे, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. एखादी कंपनी निव्वळ आजोबांच्या आठवणींवर नवा कारखानी माल काढणार नाही.

दुसरे स्पष्टीकरण थोडे अधिक विचारी आहे. फिल्म माणसाला सावकाश करते, असे म्हटले जाते. मोजकेच फोटो असल्याने माणूस बघतो, थांबतो, मग खटका दाबतो. याला आज तत्त्वज्ञानाचा दर्जा आला आहे. इतिहास मात्र याच्या उलट सांगतो. जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक याने १९१३-१४ च्या सुमारास सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी वापरून, चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा घडवला, तो सावकाशपणासाठी नव्हे. बार्नाकला दम्याचा त्रास होता. काचेच्या प्लेटा आणि तिकाटणे घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नव्हते. १९२५ च्या लाइपझिग जत्रेत आलेला लायका हा त्या काळातला वेगाचा अवतार होता. खिशात मावणारा, एकामागून एक छत्तीस फोटो काढणारा. आज त्याच लायकाला गळ्यात अडकवून आपण संथपणाची साधना करतो, याची गंमत वाटते.

ज्यांनी फिल्मवर पोट भरले त्यांना तर संथपणा हा शत्रू होता. होमाई व्यारावाला यांचे उदाहरण पाहावे. १९१३ मध्ये नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार ठरलेल्या होमाईबाई स्पीड ग्राफिक आणि रोलिफ्लेक्स वापरत. स्पीड ग्राफिकमध्ये रोल नसतो, सुटे फिल्मपत्रे असतात. एका पेटीत दोन, एक पुढे आणि एक मागे. एक फोटो झाला की झडप खाली करायची, पेटी उलटायची, फ्लॅशचा जळलेला बल्ब काढून नवा बसवायचा, तोवर नेता गाडीत बसलेला असे. साडी नेसून, हे वजन खांद्यावर घेऊन, पुरुषांच्या गर्दीतून वाट काढत त्यांनी दिल्लीत सत्तांतराचा काळ टिपला आणि १९७० मध्ये काम थांबवले. त्यांचे फोटो नेमके आहेत ते साधन मंद असूनही त्या जलद होत्या म्हणून. आपल्या घरांतही मोजकेपणाचा आदर नव्हता, काटकसर होती. लग्नाचा रोल दोन फोटो बाकी ठेवून अडकला की ते संपवण्यासाठी दारातली तुळस आणि शेजारच्यांचा कुत्रा काढला जाई. मला तर आज जुन्या अल्बमांतले हेच फोटो सर्वांत मोकळे वाटतात.

तिसरे स्पष्टीकरण तत्त्वचिंतक विलेम फ्लुसर यांच्या आधाराने दिले जाते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छायाचित्रणाच्या तत्त्वज्ञानावरील छोट्या पुस्तकात कॅमेरा हा एक काळा डबा आहे, अशी मांडणी आहे. आत काय घडते हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते. डब्याच्या रचनेतच जेवढ्या शक्यता ठरवून ठेवल्या आहेत तेवढ्याच तो खेळून पाहतो, आणि आपण स्वतंत्र आहोत असे समजतो. हल्ली या मांडणीतून निष्कर्ष काढला जातो तो असा की, डिजिटल कॅमेरा आणि मोबाइल हे काळे डबे, तर जुना यांत्रिक कॅमेरा म्हणजे त्यातून सुटका. वाचताना पटते. पण तारीख पाहा. फ्लुसर १९८३ मध्ये लिहीत होते. त्यांच्यासमोर असलेला कॅमेरा फिल्मचाच होता! ज्याला आज आपण मुक्तिदाता म्हणतो तोच त्यांचा काळा डबा. आणि त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून होते. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा विकला, तेव्हा त्यात शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला असे. फोटो संपले की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा, तिकडून फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत येई. बटण दाबण्यापलीकडे गिऱ्हाइकाने काही जाणू नये हीच तर त्या धंद्याची युक्ती होती. आग्फा क्लिकवाल्या आपल्या वडिलांना तरी हायपो म्हणजे काय हे कुठे ठाऊक होते?

तरीही फ्लुसरच्या आधाराने बोलणाऱ्यांच्या हाती काहीतरी लागले आहे असे मला वाटते, फक्त त्यांनी ते चुकीच्या ठिकाणी ठेवले. यांत्रिक कॅमेरा वापरणाऱ्याला उघडा नसतो, पण दुरुस्ती करणाऱ्याला उघडा असतो. झेनिट-ई घ्या. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला हा ओबडधोबड, विटेसारखा जड कॅमेरा आपल्याकडच्या हौशी छायाचित्रकारांच्या एका पिढीने वापरला. त्याला बॅटरी लागत नाही. सेलेनियमचा प्रकाशमापक उजेडावरच चालतो, आणि तो मेला तरी बाकी कॅमेरा जिवंत राहतो. मग उन्हाचा जुना नियम वापरायचा. स्वच्छ उन्हात छिद्र एफ १६ वर ठेवायचे आणि शटरचा वेग फिल्मच्या वेगाच्या जवळचा, म्हणजे १०० च्या फिल्मला सेकंदाचा सव्वाशेवा भाग. कॅमेरा बिघडला तर बिघाडाला ठिकाण असते. अमुक स्प्रिंग, तमुक दाता, सुकलेले ग्रीस. एका वयस्क कारागिराच्या शेजारी मी कित्येक दुपारी बसलो आहे. ते एक सेकंदाच्या वेगावर खटका दाबत, कॅमेरा कानाशी नेत आणि आतल्या चक्रांची घरघर ऐकून कुठे अडते ते सांगत. उघडल्यावर तसेच निघे. मोबाइलचा कॅमेरा कानाला लावून काहीच कळत नाही. रोलाँ बार्थ यांनी 'कॅमेरा ल्युसिडा'मध्ये कॅमेऱ्याच्या आवाजावरचे आपले प्रेम सांगताना जुन्या कॅमेऱ्यांचे नाते सुतारकामाशी आणि सूक्ष्म यंत्रांच्या कारागिरीशी जोडले आहे. ते एका वाचकाचे, फोटो बघणाऱ्याचे प्रेम होते. त्या कारागिराच्या कानाला बार्थ वाचण्याची गरज पडली नव्हती.

माझ्या मते ही ओढ टिकून आहे ती इथे. ज्या वस्तूच्या बिघाडाचे कारण शोधता येते आणि जिचा दोष माणसाला दाखवता येतो, तिच्याशी आपले नाते वेगळे जुळते. विशीतल्या मुलांना हे शब्दांत मांडता येत नसेल, पण ज्यांच्या हातातले प्रत्येक यंत्र चिकटवून बंद केलेले आहे, त्यांना मागचे झाकण उघडून शटर हलताना दिसले की काय होते, हे मी पाहिले आहे. एक मुलगी सलग वीस मिनिटे नुसता खटका दाबत बसली होती.

आता संग्राहकांकडे वळू. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३१ मध्ये दोन निबंध प्रसिद्ध केले. एक आपल्या पुस्तकसंग्रहाच्या पेट्या उघडण्याविषयी आणि दुसरा छायाचित्रणाच्या छोट्या इतिहासाविषयी. दोन्ही एकाच साप्ताहिकात, काही महिन्यांच्या अंतराने आले. कॅमेऱ्यांच्या संग्राहकांचे चाहते पहिला निबंध पुढे करतात, कारण त्यात संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या वेठबिगारीतून सोडवतो, असा सूर आहे. पुस्तकाच्या बाबतीत हे शोभते. न वाचलेले पुस्तक खराब होत नाही, उलट कोरे राहते. कॅमेऱ्याचे तसे नाही. न वापरलेल्या शटरमधले वंगण घट्ट होते आणि आधी संथ वेग, मग सगळेच अडकतात. अंधाऱ्या कपाटात, आपल्या कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत, भिंगावर बुरशीची जाळी पसरते आणि काचेवरचा लेप खाते. कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवणे, कॅमेरा अधूनमधून उन्हात नेणे, महिन्यातून एकदा सर्व वेगांवर खटका दाबणे हे उपाय जुन्या स्टुडिओवाल्यांना पाठ होते. मात्र उन्हात नेताना कापडी पडद्याच्या लायकाचे भिंग सूर्याकडे तोंड करून ठेवले, तर भिंगच पडद्याला जाळून भोक पाडते. थोडक्यात, कॅमेरा उपयोगातून 'सोडवला' की तो मरू लागतो. बेंजामिनचे तत्त्व इथे लागू पडत नाही, आणि कपाटांच्या फोटोंखाली त्यांचे नाव घेणे मला पटत नाही.

बाजाराला हा फरक कळत नाही असे नाही, त्याला त्याची पर्वा नाही. जून २०२२ मध्ये वेट्झलारच्या लिलावात बार्नाकने स्वतः वापरलेला लायका, शून्य मालिकेतला क्रमांक १०५, एक कोटी चव्वेचाळीस लाख युरोंना गेला. त्यातून कुणी फोटो काढावा म्हणून ही किंमत नव्हती. किमती अशा झाल्या की नकला येतात, आणि लायकाच्या नकलांची कथा अस्सल लायकाहून रसाळ आहे. युक्रेनमधल्या खार्किव्ह इथे रस्त्यावरच्या अनाथ, भटक्या मुलांसाठी शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेन्को चालवत असलेली एक श्रमवसाहत होती. सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की याचे नाव तिला दिलेले होते. १९३४ पासून तिथे लायकाची बेमालूम प्रतिकृती तयार होऊ लागली आणि त्याच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले 'फेड'. नंतर झोर्की आला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर हेच कॅमेरे घासून, सोनेरी मुलामा चढवून, वर 'लायका' कोरून, कधी जर्मन सैन्याची चिन्हे ठोकून जगभर विकले गेले. आपल्याकडच्या बाजारांतही ते मी हाताळले आहेत. भिंग काढून आत पाहावे. अस्सल लायकामध्ये अंतरमापकाच्या दांड्याला वाटोळे चाक असते, फेड-झोर्कीत पाचरीसारखा तुकडा. गंमत अशी की, नकली लायका म्हणून लाजेने फेकला जाणारा तो कॅमेरा खरा फेड म्हणून अधिक आदराला पात्र आहे. तो पोरक्या मुलांनी उभ्या केलेल्या कारखान्याचा वंशज आहे. पण संग्राहकाला वंश नको असतो, नाव हवे असते.

वापरणाऱ्यांच्या बाजूने मी आहे हे एव्हाना स्पष्ट झाले असेल. परंतु त्यांच्या समजुतीतही एक मोठी फट आहे. कॅमेरा जपता येतो, फिल्म जपता येत नाही. फिल्म हा कारखान्याचा आणि रसायनांचा अखंड प्रवाह आहे, तो थांबला की उत्तम कॅमेरा रिकाम्या बंदुकीसारखा. कोडॅक्रोम हे याचे ठळक उदाहरण. १९३५ मध्ये आलेल्या या रंगीत फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले. शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला आणि त्यातल्या काही चौकटी त्यांनी मुंबईत सिनेमातल्या मंडळींवर आणि राजस्थानात राबारी लोकांवर खर्च केल्या. धुण्याची प्रक्रिया इतकी गुंतागुंतीची की शेवटी ती कॅन्ससमधल्या पार्सन्स या छोट्या गावातल्या एकाच प्रयोगशाळेत उरली होती. २०१० च्या अखेरीस तिने रोल घेणे बंद केले. आज कुणाच्या खणात न धुतलेला कोडॅक्रोम असेल तर तो फार तर कृष्णधवल धुता येईल. त्यातले रंग बाहेर काढणे जवळपास अशक्य आहे.

आपल्या देशानेही हा प्रवाह स्वतः चालवून पाहिला. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली, १९६७ पासून उटीच्या थंड हवेत तिचे उत्पादन सुरू झाले आणि 'इंदू' या नावाने कृष्णधवल फिल्म व कागद गावोगावच्या स्टुडिओंत पोहोचले. १९९० च्या दशकात ती आजारी उद्योगांच्या यादीत गेली. क्लिक थ्रीवर शेकड्यांनी भावुक मजकूर निघतो, पण इंदूवर मराठीत कुणी चार पाने लिहिलेली माझ्या वाचनात नाहीत. कॅमेरा फोटोत छान दिसतो, फिल्मचा कारखाना दिसत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

आणि सर्वांत कमी दिसते ती निगेटिव्ह. शिकागोत आया म्हणून काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर हिचे सामान २००७ मध्ये गोदामाचे भाडे थकल्याने लिलावात निघाले. खोक्यांत निगेटिव्ह होत्या, न धुतलेले रोलही होते. पुढे एक लाखाहून अधिक चौकटी उजेडात आल्या आणि विसाव्या शतकातली एक मोठी रस्त्यावरची छायाचित्रकार जगाला कळली, तिच्या मृत्यूनंतर. तिचा रोलिफ्लेक्स तेवढा कुणी उचलला असता आणि खोकी टाकून दिली असती, तर एक चांगला वापरलेला कॅमेरा एवढेच तिचे चरित्र उरले असते.

आपल्याकडे नेमके तेच चालले आहे. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ ची. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या पिढीतले छायाचित्रकार. इतका जुना आपला हा व्यवहार आहे, आणि तालुक्याच्या गावातले स्टुडिओ बंद होतात तेव्हा काय होते ते मी चार-पाच ठिकाणी पाहिले. यॅशिका आधी जातो. मग एन्लार्जर, दिवे, रंगवलेला पडदा, अगदी लाकडी खुर्चीसुद्धा, कारण कॅफेवाल्यांना ती हवी असते. निगेटिव्हना कुणी विचारत नाही. काचेच्या असतील तर धुऊन काच वापरली जाते, फिल्मच्या असतील तर भंगारात किंवा होळीत. दुसऱ्या टोकाला शहरातल्या एका प्रयोगशाळेत चालकांनी मला एक खण उघडून दाखवला. नव्या पिढीच्या हौशी गिऱ्हाइकांच्या निगेटिव्ह. रोल धुवून स्कॅन मोबाइलवर पाठवले की बहुतेकजण मूळ फिल्म न्यायला येतच नाहीत. म्हणजे ज्या एका वस्तूसाठी हा सगळा खटाटोप होता, उजेडाने प्रत्यक्ष स्पर्श केलेली ती पट्टी, तीच नकोशी. त्यांना खटका हवा आहे, थांबून राहण्याची हुरहुर हवी आहे, दाणेदार पोत हवा आहे. यात त्यांचा दोष काढावा असे मला वाटत नाही, पण फिल्मवरचे प्रेम हा शब्द इथे वापरू नये.

गेल्या पावसाळ्याआधी बंद झालेल्या अशाच एका स्टुडिओतून मी अकरा खोकी आणली. मालकांच्या मुलाने पैसे घेतले नाहीत, जागा मोकळी झाल्याचा आनंद त्याला पुरेसा होता. खोक्यांवर शाईने वर्षे आणि आडनावे आहेत, काहींवर नुसते 'शाळा', 'ओळखपत्र', 'मयत'. तीन खोक्यांना व्हिनेगरचा वास येऊ लागला आहे, म्हणजे ॲसिटेट सडते आहे. ती मी इतरांपासून वेगळी, खिडकीजवळ ठेवली आहेत आणि रोज संध्याकाळी वीस-वीस पट्ट्या उजेडाच्या पेटीवर ठेवून उतरवून घेतो आहे. 'मयत' आधी घेतले. त्यातल्या पुष्कळांचा तो एकमेव फोटो असावा.